चालकाची बैठक, वाहकाचे जिने

१९५६ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात हृदयविकारावरचा एक अभ्यास छापून आला. त्याचा मुख्य पुरावा होता शिंप्याची मापं. लंडनच्या बस चालवणारी संस्था आपल्या माणसांना गणवेश शिवून द्यायची आणि प्रत्येकाच्या विजारीचा कमरेचा घेर वहीत लिहून ठेवायची. संशोधकांनी त्या नोंदी मागवल्या, चालक आणि वाहक वेगळे केले, वयाप्रमाणे गट पाडले. चालकांच्या विजारी कमरेत मोठ्या निघाल्या. ऐन पंचविशी-तिशीतल्या चालकांच्याही.

हा अभ्यास करणाऱ्यांत जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते, आणि त्यांना हा निकाल गैरसोयीचा होता. तीनच वर्षांपूर्वी, १९५३ साली, त्यांनी त्याच साप्ताहिकात दाखवून दिलं होतं की लंडनच्या बसचालकांना वाहकांपेक्षा हृदयविकार जास्त होतो. कारण म्हणून त्यांनी बोट ठेवलं होतं कामातल्या हालचालीवर. आता चालकांच्याच विजारींच्या नोंदी विचारत होत्या, की हा फरक कामामुळे पडला, की मुळात जाड माणसं स्टिअरिंगकडे आणि चपळ माणसं तिकिटांकडे वळत होती? मॉरिस आणि त्यांचे सहकारी हेडी व रॅफल यांनी हा प्रश्न स्वतःच शोधून काढला आणि स्वतःच छापला. पुढची आकडेमोड केली तेव्हा दिसलं, की सडपातळ चालकाची तुलना सडपातळ वाहकाशी आणि स्थूल चालकाची स्थूल वाहकाशी केली तरी वाहकाचं पारडं जड राहतं. कंबर हा उत्तराचा एक भाग होता, सगळं उत्तर नव्हे. बैठं काम आणि हृदय यांच्या संबंधाबद्दल आज जे काही खात्रीने बोललं जातं, त्याचा पाया इतक्या प्रामाणिक माणसांनी घातला याचं मला फार मोल वाटतं.

मॉरिस १९१० साली लिव्हरपूलला एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मले आणि ग्लासगोच्या गरीब वस्तीत वाढले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात होते आणि त्यातली काही वर्षं त्यांनी हिंदुस्थानात काढली. १९४८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सामाजिक वैद्यकाचा एक विभाग उघडला आणि तो त्यांच्या हाती दिला. विभागाच्या नावातच त्यांची दृष्टी होती. आजार शरीराला होतो, पण कोणाच्या शरीराला होणार हे पुष्कळदा त्या माणसाचं काम, घर आणि पगार ठरवतात, या दिशेने ते विचार करत होते.

तेव्हा ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुष हृदयाच्या झटक्याने पटापट दगावू लागले होते आणि त्याचं कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध नुकताच, १९५० साली, पुढे आला होता. व्यायामाचा हृदयाशी असा काही संबंध असेल हे वैद्यकाच्या मुख्य प्रवाहात कोणी गांभीर्याने घेत नव्हतं. मॉरिस यांनी वेगवेगळ्या व्यवसायांची आजारपणं तपासायला घेतली. लंडनच्या वाहतूक संस्थेतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी त्यांच्या हाती आल्या.

लंडनची दुमजली बस म्हणजे या प्रश्नासाठी आयतीच प्रयोगशाळा होती. एकाच बसमध्ये दोन माणसं. रस्ता तोच, धूर तोच, पाळी तीच. वस्ती आणि पगारही साधारण सारखेच. त्यातला चालक पाळीतला सुमारे नव्वद टक्के वेळ बसून असायचा. वाहक मात्र तिकिटं फाडत वर-खाली करायचा आणि दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. आजाराचा हिशेब झाला तेव्हा वर्षाला दर हजार वाहकांमागे १.९ जणांना हृदयविकार झालेला दिसला, दर हजार चालकांमागे २.७ जणांना. वाहकांना तो झाला तरी उशिरा व्हायचा, आणि झटक्यानंतर लगेच दगावण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं.

यावर पहिली शंका कोणालाही येईल ती ताणाची. लंडनच्या गर्दीतून दुमजली बस हाकणं डोक्याला त्रास देणारं काम. मग हृदयाला बाधलं ते बसणं, की वाहतूक? म्हणून मॉरिस यांनी बसचे आकडे हाती असूनही लगेच जाहीर केले नाहीत, टपाल खात्याचे आकडे येईपर्यंत वाट पाहिली. टपाल खात्यात पायी आणि सायकलने पत्रं वाटणारे पोस्टमन होते. टेलिफोनच्या फलकासमोर आणि टेबलाशी बसणारेही होते. त्या बसणाऱ्यांपुढे ना सिग्नल होते, ना समोरून येणारी ट्राम. तरीही चित्र तेच निघालं. चालते पोस्टमन बैठ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित.

मुंबईतही दुमजली बस १९३७ साली आली. मात्र आपल्याकडे दोन मजल्यांना दोन वाहक असत, त्यामुळे लंडनचा पायऱ्यांचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू होत नाही. लंडनमध्ये ९ डिसेंबर २००५ ला जुन्या धर्तीची रूटमास्टर बस नियमित सेवेतून गेली आणि तिच्याबरोबर वाहकाचं कामही जवळजवळ संपलं. आपल्याकडे एसटीच्या गाड्यांवर ‘विनावाहक’ अशी पाटी दिसते. मॉरिस यांनी ज्या दोघांची तुलना केली, त्यातला चालता माणूस कामाच्या जगातून कमी होत गेला आणि बसलेला उरला. गिरणीतला साचेवाला, गोदीतला हमाल, फायली घेऊन मजले चढणारा शिपाई यांच्याही जागा आटल्या. त्यांची जागा घेणारं काम बहुतेक वेळा खुर्चीतलं असतं. ज्याला आपण आळस म्हणून हिणवतो, त्यातला किती भाग या बदललेल्या कामाचा आहे, हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

बसून काम करणाऱ्यांची प्रकृती हा विषय मॉरिस यांच्याही आधीचा. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात शिंपी आणि चांभार यांच्या बैठ्या कामाची दखल आहे आणि सुट्टीच्या दिवशी तरी त्यांनी अंग हलवावं असा सल्लाही आहे. आपल्याकडचा एक अभ्यास मात्र इथे सविस्तर सांगायला हवा. जाँ मेयर, पूर्णिमा रॉय आणि कामाख्याप्रसाद मित्र यांनी बंगालमधल्या एका तागाच्या गिरणीतल्या २१३ पुरुषांचं खाणं, वजन आणि श्रम मोजले, आणि १९५६ सालीच, विजारींच्या त्याच वर्षी, प्रसिद्ध केले. त्यात दिवसभर दुकानात बसणारे होते, कारकून होते आणि गाठी वाहणारे हमालही होते. अंगमेहनत करणारे जितकं काम करत तितकं खात आणि त्यांचं वजन आटोक्यात राही. सगळ्यात बैठे होते त्यांची भूक मात्र श्रमाबरोबर उतरली नव्हती. ते हमालांच्या बरोबरीने खात होते आणि वजनाने सगळ्यांत पुढे होते. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा अंदाज चुकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मॉरिस यांच्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं अभ्यासकांचं लक्ष वाहकावर, म्हणजे हालचालीवर होतं. त्यातूनच रोज अर्धा तास भरभर चाला, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करा, हे सल्ले आले, आणि ते खरेच आहेत. चालकाकडे पुन्हा नजर वळली ती साधारण २००० नंतर. सकाळी पाऊण तास फिरून येणारा आणि मग रात्रीपर्यंत खुर्चीतून न उठणारा माणूस कुठल्या रकान्यात घालायचा? तो व्यायाम करतो, पण दिवसातले दहा-बारा तास बैठाही असतो. अभ्यासकांनी मग बैठेपणाची स्वतंत्र व्याख्या केली. जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं पडून घालवलेला असा वेळ, ज्यात शरीर स्वस्थ बसल्यावर लागणाऱ्या ऊर्जेच्या दीडपटीपेक्षा जास्त ऊर्जा खर्च करत नाही. झोप यात धरत नाहीत.

सलग बसल्यावर शरीरात काय होतं, याची काही उत्तरं आता हाती आहेत. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत आहेत. उभं राहिलं, चार पावलं टाकली, तरी ते आकुंचन पावतात आणि रक्तातली साखर ओढून घेतात. रक्तातली चरबी फोडून स्नायूंना देणारं लायपोप्रोटीन लायपेझ नावाचं विकर त्यांच्या केशवाहिन्यांत असतं. मार्क हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे मागचे पाय जमिनीला टेकणार नाहीत अशी व्यवस्था केली, तेव्हा त्या स्नायूंमधल्या विकराचं काम काही तासांतच कोसळलं. उंदरांना हलकं चालू दिल्यावर ते परत सावरलं. जेवणानंतर साखर आणि चरबी रक्तात रेंगाळते, त्यामागे स्नायूंचा हा निवांतपणा आहे.

रक्तवाहिन्यांचंही तसंच. वाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर वाहत्या रक्ताच्या घर्षणावर जगतं. प्रवाह जोरात असला की ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैलावते. पाय दुमडून बसलं की पायातला प्रवाह मंदावतो. इंडियाना विद्यापीठात सौरभ ठोसर आणि सहकाऱ्यांनी मोजक्या निरोगी तरुणांना तीन तास खुर्चीत बसवलं आणि मांडीतल्या धमनीची सैलावण्याची क्षमता मोजली. पहिल्या तासातच ती निम्म्याच्या आसपास उतरली. त्याच तरुणांना दुसऱ्या दिवशी दर तासाला पाच मिनिटं सावकाश चालायला लावलं, तर ती उतरली नाही. पंचविशीतल्या, धडधाकट माणसांची ही गोष्ट आहे. एका दिवसाने काही बिघडत नाही. वीस वर्षं रोज असं झालं तर अस्तराचं काय होत असेल, हा प्रश्न डॉक्टरांना पडतो.

या टप्प्यावर विषय फार रंजक होतो, कारण किती तास बसता याच्या जोडीला कसे बसता हा प्रश्न आला. दोन माणसं दिवसाला दहा तास बसतात असं धरू. एक जण दर पंधरा-वीस मिनिटांनी काही ना काही कारणाने उठतो. दुसरा दोन-दोन तास हलत नाही. बेरीज सारखी, पण नक्षी वेगळी. कमरेला हालचाल मोजणारं छोटं यंत्र बांधायची सोय झाल्यावर ही नक्षी मोजता येऊ लागली. ऑस्ट्रेलियात जेनेव्हिव्ह हीली यांनी २००८ साली १६८ जणांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की बैठकीत वारंवार खंड पाडणाऱ्यांची कंबर आणि रक्तातली चरबी कमी असते, एकूण बसण्याचा वेळ जमेला धरूनही. अमेरिकेत २०१७ साली ४५ वर्षांवरच्या ७,९८५ स्त्री-पुरुषांचा अभ्यास आला. ही माणसं जागेपणातला तीन चतुर्थांशाहून जास्त वेळ बसून होती. ज्यांच्या बहुतेक बैठका अर्ध्या तासाच्या आत संपत, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सगळ्यांत कमी होतं.

हृदयाबद्दल थेट बोलणारा अभ्यास मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वृद्ध स्त्रियांवरचा. एरवी या संशोधनात पुरुषच जास्त मोजले गेले. मॉरिस यांच्या ३१,००० मध्ये स्त्री एकही नव्हती. अमेरिकेतल्या ६३ ते ९७ वयाच्या ५,६३८ स्त्रियांना, ज्यांना आधी हृदयाचा झटका किंवा पक्षाघात झालेला नव्हता, आठवडाभर यंत्र बांधलं आणि पुढे सुमारे पाच वर्षं त्यांची खबर ठेवली. दिवसाला बसण्याचा एक तास वाढला की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी जास्त दिसला. सलग लांब बैठका असणाऱ्यांचा धोका, थोड्या-थोड्या वेळाने उठणाऱ्यांपेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त वाढलेला होता. ऐंशीच्या घरातल्या बाईला जिमला पाठवायचं नाही, धावायला लावायचं नाही. मालिकेच्या मध्यंतरात उठून अंगणात जाऊन येणं तिला झेपेल आणि तिच्या कामीही येईल, एवढं या आकड्यांतून सुचतं.

सुचतं असं मी जपून म्हणते. हे बहुतेक अभ्यास लोकांवर नजर ठेवून केलेले आहेत. आधीच आजारी असलेला माणूस जास्त बसतो, म्हणून बसणारे जास्त आजारी दिसतात, ही शक्यता पूर्ण पुसता येत नाही. संशोधक सुरुवातीचे मृत्यू वगळून, आजारांची नोंद घेऊन ती कमी करतात. विजारींचा प्रश्न अजून जिवंत आहे.

दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून उल्फ एकेलुंड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक दिलासा दिला होता. रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांत आठ तासांहून जास्त बसण्याचा मृत्यूशी असलेला संबंध जवळपास पुसला जातो. पण २०२४ साली ब्रिटनमधल्या ८९,५३० जणांच्या मनगटावरच्या यंत्रांनी दाखवलं, की दिवसाला १०.६ तासांच्या वर बसणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचा आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका वाढतो, आणि आठवड्याची दीडशे मिनिटं पाळणाऱ्यांचीही त्यातून सुटका होत नाही. दीडशे मिनिटं म्हणजे दिवसाला वीस-बावीस, आणि एकेलुंड सांगतात तो सव्वा तास. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत.

तो सव्वा तास आपल्यातल्या किती जणांकडे आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या मधुमेहाच्या मोठ्या पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या १४,२२७ लोकांची हालचाल तपासली गेली. २०१४ साली तिचे निकाल आले. निम्म्याहून जास्त, ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात होते, आणि फुरसतीत व्यायाम किंवा खेळ असं काही करणारे दहा टक्केही नव्हते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात भारतातल्या स्त्रियांत पुरेशी हालचाल नसण्याचं प्रमाण सुमारे ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के. अंधार पडल्यावर बाईने एकटीने फिरायला निघावं असे रस्ते आपण किती गावांत केले आहेत? या आकड्यांतला फरक केवळ इच्छाशक्तीचा नाही.

शिवाय आपली शरीरं या बाबतीत कमनशिबी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावत, आणि याज्ञिक यांचं धावणं रुग्णालयाची लिफ्ट गाठण्यापुरतं, असंही त्या लेखात दिलं होतं. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात आणि यकृतात चरबी दडलेली असते, हे याज्ञिक यांनी पुण्यातून जगाला समजावलं. बावन्न देशांतल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला; बाकीच्या जगात ५८-५९ व्या. सहा वर्षं. मुलीचं शिक्षण पुरं व्हायचं असतं, घराचे हप्ते चालू असतात, त्या वयात.

बसणं वाईट, तर उभं राहावं का? कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ७,३२० कामगारांच्या बारा वर्षांच्या नोंदींत उलटच दिसलं. मुख्यतः उभं राहून काम करणाऱ्यांत हृदयविकार, मुख्यतः बसून काम करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि हृदयाला ते वर ओढावं लागतं. केरळमधल्या साड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. २०१८ साली तिथला कायदा बदलला, २०२१ साली तमिळनाडूनेही तसा बदल केला. त्यांना स्टूल मिळालं हे योग्यच झालं. शरीराला बदल लागतो. टांझानियातले हाद्झा हे शिकारी-संकलक लोकही दिवसाला जवळजवळ दहा तास विसावलेले असतात, शहरी माणसाइतकेच. पण ते उकिडवे बसतात, गुडघ्यांवर बसतात, आणि त्या बैठकीत पायांचे स्नायू जागे राहतात असं २०२० च्या अभ्यासात आढळलं. पाटावर जेवायला बसणं आणि हाताचा आधार न घेता उठणं आपल्या दोन पिढ्यांपूर्वीच्या घरात दिवसातून कितीदा होत असे! त्याने हृदय वाचलं असा पुरावा माझ्याकडे नाही, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना जमिनीवर बसवायला मी सांगणारही नाही. पण शाळेत जाणाऱ्या मुलांना हे अजून देता येईल.

बसण्याची वेळ आणि नक्षी कामाची रचना ठरवते, हे सोलापुरात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल. यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल काढणारा कामगार पाळीभर उभा असतो. त्याच शहरातल्या घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजार विड्यांमागे. नापास झालेल्या विड्या हिशेबात येत नाहीत.

या बाईला उठायला कोणी बंदी केलेली नाही. पण उठली की विड्या थांबतात. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड डन्स्टन यांनी २०१२ साली १९ स्थूल माणसांवर एक प्रयोग केला. पाच तास सलग बसवण्याऐवजी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं सावकाश चालवलं, तर खाल्ल्यानंतरची रक्तातली साखरेची चढण सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाली. इतका स्वस्त उपाय वैद्यकात विरळा. तरी त्याची किंमत कोणीतरी मोजतं. बावीस मिनिटांत दोन म्हणजे कामाच्या वेळेचा अकरावा हिस्सा. हजार विड्यांच्या दिवसात तो नव्वद विड्यांचा वेळ झाला. हिंजवडीतल्या संगणकासमोरच्या माणसाचा पगार दोन मिनिटं उठल्याने कापला जात नाही. सोलापूरच्या बाईचा कापला जातो, आणि विनावाहक बस हाकणाऱ्याला तर उठताच येत नाही.

मॉरिस यांनी उतारवयात, २००० साली, एका तरुणाला निरोगी राहायला आठवड्याला किमान किती पैसे लागतात याचा हिशेब मांडला. त्यात अन्न आणि घरभाड्याच्या शेजारी व्यायामाचाही खर्च त्यांनी धरला होता. ते ९९ वर्षं जगले. त्यांच्याच न्यायाने विडीचा दर ठरवणाऱ्या बैठकीत तो अकरावा हिस्सा मजुरीत धरा असं कामगार संघटनांनी मागावं, आणि एसटीच्या चालकाच्या पाळीपत्रकात थांब्यावरच्या दहा मिनिटांना चहापाण्याचा वेळ न म्हणता चालण्याचा वेळ म्हणून जागा मिळावी. या दोन्ही मागण्यांचा खर्च काढता येतो. तो काढायला कामगार खात्याने आणि महामंडळाने आपल्याच दवाखान्यांतल्या हृदयविकाराच्या नोंदी उघडाव्यात, चालकांच्या वेगळ्या आणि वाहकांच्या वेगळ्या.